कोड्याखालची ती ओळ तेवढी गाळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात आतल्या पानावर, राशिभविष्याच्या शेजारी, रोज बुद्धिबळाचं एक कोडं येतं. चौकट लहान असते, पण आमच्या गावात तिला गिऱ्हाईक बरंच आहे. चौकटीखाली तुम्ही एक ओळ छापता : 'पांढऱ्याची खेळी, दोन चालींत मात. वेळ तीन मिनिटे.' त्याखाली उलट्या अक्षरांत उत्तर. माझी विनंती अशी, की त्यातलं 'दोन चालींत मात' काढून टाका. 'पांढऱ्याची खेळी' राहू द्या, बाकी काही सांगू नका. उत्तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात द्या. मागणं लहान आहे, पण त्याचं कारण सांगायला जागा लागेल.

मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात पिठाची चक्की चालवते. वावर मालक पाहतात, चक्की माझ्याकडे. चक्कीचं काम असं असतं, की दाणे ओतले, दगड जुळवला, की डबा भरेपर्यंत हात मोकळे, पण जागा सोडता येत नाही. मोटरीच्या आवाजात फोनवर बोलता येत नाही. पुस्तक उघडलं तर पानांत पीठ जातं. कोडं मात्र जमतं. गहू लवकर उतरतो, त्या वेळेला सोपं कोडं. हरभऱ्याचं बेसन वेळ खातं, तेव्हा अवघड घ्यायचं. संध्याकाळी शाळा सुटली की पोरं डबे घेऊन येतात आणि नंबर लागेपर्यंत भिंतीवर चिकटवलेल्या तुमच्या चौकटीसमोर उभी राहतात. लाईन गेली की गर्दी वाढते, कारण दळण अडकलेलं असतं आणि डबा सोडून घरी गेलं तर नंबर जातो.

आधी चांगलं सांगते. तुमच्या चौकटीमुळे आमच्याकडे पोरांना, त्यातही पोरींना, हा खेळ कळला. २८ जुलै २०२५ ला नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयावर ती ग्रँडमास्टर झाली. भारताची अठ्ठ्याऐंशीवी. हंपी, हरिका, वैशाली यांच्यानंतरची चौथी बाई. नागपूरचेच रौनक साधवानी २०१९ मध्ये आणि संकल्प गुप्ता २०२१ मध्ये ग्रँडमास्टर झाले होते, पण गावातल्या पोरींना त्याचं काही वाटलं नव्हतं. दिव्याच्या वेळी वाटलं. नागपूर म्हणजे आपल्या इकडचंच, आणि जिंकणारी पोरगी. तेव्हापासून चक्कीवर पट कायमचा मांडलेला असतो. म्हणून हे तक्रारीचं पत्र समजू नका. ज्याचा उपयोग होतो त्याच्याबद्दलच माणूस एवढं लिहितो.

आता मुद्दा. डबा घेऊन येणाऱ्यांत एक आठवीतली पोरगी आहे. तुमचं कोडं ती वाचता वाचता सोडवते. भावाच्या फोनवर लिचेसवर खेळते. लिचेस म्हणजे इंटरनेटवरची बुद्धिबळाची फुकट जागा, जाहिराती नाहीत, पैसे लागत नाहीत, लाखांनी कोडी आहेत. तिथं पझल स्टॉर्म म्हणून एक प्रकार आहे : तीन मिनिटांचं घड्याळ लावायचं आणि सोडवता येतील तितकी सोडवायची, चुकलं की दहा सेकंद कापतात. त्यात ही पोरगी मोठ्या पोरांनाही मागे टाकते. बोट इतकं भराभर चालतं की मला बघूनच दम लागतो.

तालुक्याच्या स्पर्धेला ती गेली आणि पहिल्याच फेरीत हरली. डाव कागदावर लिहून आणला होता, तो आम्ही चक्कीवर मांडला. एके ठिकाणी तिचा घोडा एकाच उडीत राजाला शह देत होता आणि वजिरावरही मारा करत होता. ज्याला पोरं फोर्क म्हणतात, ते. अगदी साधा. असं कोडं ती फोनवर चार सेकंदांत उडवते. इथं तिने हत्ती एक घर सरकवला आणि नऊ-दहा खेळ्यांनी स्वतःच अडकली. मी विचारलं, "अवं, हा घोडा दिसला नाही का तुले?" ती म्हणाली, "तेथं कोनी सांगतलंच नाही ना काकू, का आता हाये म्हून."

संपादक साहेब, माझं पत्र म्हणजे हे एवढं एकच वाक्य आहे.

कोडं सोडवणाऱ्याला पट दिसायच्या आधीच एक गोष्ट ठाऊक असते : इथं काहीतरी आहे. फोनवरच्या कोड्यांचंही असंच. लिचेसची कोडी लोकांनी खेळलेल्या खऱ्या डावांतूनच निघतात. कॉम्प्युटर ते डाव तपासतो आणि जिथं एकच खेळी चांगली आणि बाकीच्या फसव्या, तेवढ्याच जागा वेचून घेतो. म्हणजे डावातल्या ज्या असंख्य खेळ्यांत काहीच विशेष नसतं, त्या सगळ्या आधीच चाळून टाकलेल्या. पोराच्या हातात येतो तो निवडलेला माल. तुम्ही त्यावर आणखी एक पाऊल पुढे जाता आणि काय आहे, किती चालींत आहे, हेसुद्धा सांगून मोकळे होता.

याचा परिणाम काय होतो तो मी रोज समोर पाहते. 'दोन चालींत मात' वाचलं की पोरं पट पाहतच नाहीत. आधी सगळे शह मोजतात. शहाने जमलं नाही, तर वजीर कुठं फुकट देता येतो ते शोधतात, कारण कोड्यात वजीर देणं हेच बहुतेक वेळा उत्तर असतं, हे त्यांना सवयीने कळलेलं आहे. प्रतिस्पर्ध्याला काय करायचं आहे, आपला राजा कसा उभा आहे, कोणता मोहरा बिनआधाराचा आहे, याकडे नजर जातच नाही. जायची गरजच तुम्ही ठेवत नाही. ज्याचं उत्तर आधी सांगितलंय त्याचा रस्ता तेवढा शोधायचा. ही अक्कल वाईट नाही, पण ती पेपर सोडवायची अक्कल आहे, खेळायची नाही.

बोलायला सोपं जातं म्हणून एक मांडणी देते. तुमच्याकडे पट असेल तर मांडा. (उभ्या रांगा पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८.)

पांढरा : राजा जी१, वजीर डी२, हत्ती ई१, प्यादी एफ२, जी२, एच२.
काळा : राजा जी८, वजीर बी७, हत्ती डी८, उंट डी६, प्यादी एफ७, जी७, एच७.
पांढऱ्याची खेळी.

पांढरा एका उंटाने मागे आहे. पण तो वजिराने डी६ वरचा उंट घेतो. काळ्याने हत्तीने वजीर घेतला, की पांढरा हत्ती ई८ वर जातो आणि मात. काळ्या राजाला त्याच्याच तीन प्याद्यांनी कोंडून ठेवलेलं असतं. काळ्याने वजीर नाही घेतला, तरी उंट फुकटात गेलाच. यातली पहिली खेळी शह नाही, तेवढ्यानेच आमची निम्मी पोरं थांबतात. तरी खाली काही इशारा लिहिलेला असेल तर शेवटी सापडतंच, कारण सापडणार हे माहीत आहे.

आता याच पटावर काळ्याचं एकच प्यादं हलवा. एच७ वरचं एच६ वर ठेवा. बाकी काडीचाही फरक नाही. पुन्हा पांढऱ्याची खेळी.

आता वजिराने उंट घेतला, काळ्या हत्तीने वजीर घेतला, हत्ती ई८ ला शह, आणि राजा शांतपणे एच७ वर. पांढऱ्याचा वजीर गेला तो गेलाच. या मांडणीत पांढऱ्यासाठी मात नाही, कमाई नाही. उलट त्यालाच धोका आहे : काळा उंट एच२ वर प्यादं घेऊन शह देणार, आणि उंट हटला की त्याच्या मागचा डी८ वरचा हत्ती पांढऱ्या वजिरावर. म्हणून पांढऱ्याने मुकाट्याने वजीर डी च्या रांगेतून बाजूला न्यायचा. एवढंच उत्तर. यात टाळी वाजवण्यासारखं काही नाही.

या दोन्ही मांडण्या मी भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या, खाली काही लिहिलं नाही. दुसऱ्या मांडणीत बहुतेकांनी वजीर देऊन टाकला. जी सगळ्यात वेगाने सोडवते तिने सगळ्यात आधी दिला. एक शेतकरी गृहस्थ मात्र, ज्यांना फोनवरची कोडी माहीतच नाहीत, सरकी विकून आलेले, पिशवी खाली ठेवून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "ह्याचा वजीर धोक्यात हाये ना बाप्पा, तो काढा आंधी." त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की इथं काहीतरी आहे. म्हणून त्यांनी पट पाहिला.

तुम्ही म्हणाल, गावची चक्की आणि तालुक्याची स्पर्धा यावरून एवढा निष्कर्ष काढू नका. मग सर्वांत मोठ्या पटावरचं उदाहरण घ्या. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाचा चौदावा आणि शेवटचा डाव. तेरा डावांनंतर आपला गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन साडेसहा-साडेसहा. डाव बरोबरीत जाणार असंच सगळ्यांना वाटत होतं. गुकेशकडे काळे मोहरे आणि एक प्यादं जास्त, पण प्रत्येकाकडे एक हत्ती आणि एक उंट उरलेला, त्यामुळे धरून ठेवण्यासारखा डाव. पंचावन्नाव्या खेळीला डिंगने हत्ती एफ२ वर आणला, हत्तींची अदलाबदल करायला. त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. हत्ती मारले गेले, गुकेशने आपला उंट डी५ वर त्याच तिरप्या रेषेत समोर आणून उभा केला, आणि कोपऱ्यातल्या उंटाला पळायला जागाच नव्हती. उंटही गेले. उरले राजे आणि प्यादी, आणि त्यात जास्तीचं प्यादं पुरेसं होतं. अठ्ठावन्नाव्या खेळीनंतर डिंगने डाव सोडला, आणि अठरा वर्षांचा पोरगा जगज्जेता झाला.

नंतर गुकेशने स्वतःच सांगितलं, की ती चूक त्याच्या लगेच लक्षात आली नव्हती, तो दुसरीच खेळी करायच्या बेतात होता. आता हीच मांडणी तुमच्या चौकटीत छापा आणि खाली 'काळ्याची खेळी, काळा जिंकतो' लिहा. आमच्या आठवीतल्या पोरीलाही मिनिटभरात सापडेल. घरी बसून पडद्यावर डाव पाहणाऱ्यांनाही कॉम्प्युटर लगेच सांगत होता, की काहीतरी झालंय. फक्त पटावर बसलेल्या दोघांना कोणी सांगत नव्हतं. गुकेश मोठा आहे तो याच्यासाठी, की हात पुढे जायच्या आधी तो थांबला आणि न सांगता त्याला दिसलं.

झटपट कोड्यांच्या मी विरोधात आहे असं कोणी समजू नये. मी स्वतः त्याच्यावरच जगते म्हणा ना. भराभर सोडवल्याने नजर तयार होते, असं मला वाटतं, आणि मुरलेल्या खेळाडूची नजर वेगळी असते हे तर तपासलेलंही आहे. अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला होता. खऱ्या डावातली मांडणी खेळाडूंना पाच सेकंद दाखवायची आणि मग आठवणीतून मांडायला सांगायची. मुरलेल्या खेळाडूला नवख्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरे जागच्या जागी ठेवता आले. पण तेच मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले, तेव्हा मुरलेला आणि नवखा यांच्यात फरक जवळजवळ उरलाच नाही. म्हणजे त्याची स्मरणशक्ती मोठी नव्हती. पुष्कळ डाव पाहून पाहून काही मोहऱ्यांचा घोळका त्याला एकदम, एकच वस्तू असल्यासारखा दिसत होता. मला यात नवल वाटलं नाही. पीठ चिमटीत धरलं की दगड ताणायचा की सोडायचा हे बोटांना कळतं, मोजमाप लागत नाही. ही नजर यायला संख्या लागते, आणि संख्येसाठी वेग लागतो. फोनवरची तीन मिनिटं त्यासाठी ठीक आहेत. फोन ते काम तुमच्यापेक्षा चांगलं करतो, आणि फुकट करतो.

म्हणूनच तुम्ही तेच काम पुन्हा करू नका. पेपर दिवसभर भिंतीवर असतो. त्याच्यावर घड्याळ चालत नाही. चुकलं तर लाल फुली उमटत नाही आणि गुण कापले जात नाहीत. फोनवर पोरगं खेळी करून पाहतं, चुकली तर पुढच्याला जातं. कागदावर करून पाहता येत नाही, पूर्ण डोक्यात चालवावं लागतं. ही पेपरची ताकद आहे, आणि तुम्ही 'वेळ तीन मिनिटे' छापून ती घालवता. तीन मिनिटांत कशाला? आमच्याकडे लाईन गेली तर तीन तास आहेत.

माझे सासरे, मामाजी म्हणायचो आम्ही त्यांना, जुन्या देशी पद्धतीने खेळायचे. कापडाचा पट, लाकडी मोहरे. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर जायचं. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्तीची एकत्र चाल, नव्हता. त्याऐवजी शह बसायच्या आधी राजाला एकदाच घोड्याची उडी मिळायची. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याचं ते घर तोच मोहरा व्हायचं, सरसकट वजीर नाही. आणि मात द्यायची तर प्याद्याने, त्याचा मान सगळ्यात मोठा. नवीन नियम त्यांना माहीत होते, आवडत नव्हते. रात्री जेवणं झाली की ओट्यावर चार-सहा मोहरे मांडायचे आणि मला म्हणायचे, "पाय बरं." बस. कोणाची खेळी, कोण जिंकतं, किती चालींत, काही नाही. मी आधी विचारायची, तेव्हा ते सुपारी कातरत गप्प बसायचे. कधी मात असायची. कधी नुसती बरोबरी वाचवता यायची. आणि कधी त्यात काहीही नसायचं, मुद्दामच तसं मांडलेलं असायचं. "यात काहीच नाही मामाजी," असं म्हणायला धाडस लागतं, कारण आपल्याला दिसलं नाही की खरंच नाही, हे आधी स्वतःला पटवावं लागतं. ते बरोबर असलं की अडकित्ता ठेवून मान हलवायचे. जिंकणारी खेळी सापडल्यावर त्यांनी मान कधी हलवली नाही.

तर ही पद्धत काही माझी नाही. मी फक्त ती तुमच्या चौकटीत बसते का ते विचारते आहे.

बरोबरीवरून आठवलं. रिचर्ड रेटीने १९२१ मध्ये रचलेली एक मांडणी आहे, ती तुम्ही एकदा अवश्य छापा. पटावर चारच मोहरे : पांढरा राजा एच८, पांढरं प्यादं सी६, काळा राजा ए६, काळं प्यादं एच५. पांढऱ्याची खेळी. मी ती भिंतीवर लावली तेव्हा जो तो डबा ठेवता ठेवताच म्हणायचा, गेला हा. आणि दिसतंही तसंच. काळं प्यादं पळालं तर पांढरा राजा दोन घरं मागे, हाती लागत नाही. आपलं प्यादं वाचवायला जावं तर काळा राजा त्याच्या उशाशीच बसलेला. दोन्ही कामं वेगवेगळी केली तर दोन्ही बुडतात. पण राजा तिरपा चालतो : जी७, मग एफ६, मग ई५. प्रत्येक पावलाला तो काळ्या प्याद्याच्याही जवळ जातो आणि आपल्या प्याद्याच्याही. काळ्याने मध्ये पांढरं प्यादं मारण्यात वेळ घालवला, तर पांढरा राजा एफ४ वर येऊन एच मधल्या प्याद्याला गाठतो. काळ्याने प्यादं पळवलं, तर पांढरा राजा आपल्या प्याद्याच्या शेजारी पोचतो आणि दोघांचेही वजीर होतात. बरोबरी.

ही मांडणी भिंतीवर होती तेव्हा दळण घेऊन गेलेली माणसं परत आली, काही काम नसताना. एक जण रात्री नऊला दार वाजवून म्हणाला, राजा एफ६ वरच का, ते समजलं. याच्याखाली 'पांढरा बरोबरी साधतो' असं लिहिलं असतं, तर अर्धी गंमत तिथंच संपली असती. कारण खरं कोडं चाल शोधण्याचं नाहीच, हरलेला दिसणारा डाव हरलेला नाही हे मान्य करण्याचं आहे.

आता तुमची अडचण. अगदी नवीन पोरांना इशारा लागतो, नाहीतर ती नाद सोडतील, असं कोणी म्हणेल. रविवारच्या लहान मुलांच्या पुरवणीत इशारा द्या, माझी हरकत नाही. रोजच्या चौकटीत जागा रिकामी राहील असं वाटत असेल, तर तिथं एक फार उपयोगी गोष्ट बसते : प्रतिस्पर्ध्याची शेवटची खेळी. 'काळ्याने आत्ताच उंट डी६ वर आणला आहे.' खऱ्या डावात ही गोष्ट आपल्याला नेहमी ठाऊक असते, ती सांगण्यात काही उघडं पडत नाही. आणि तिथूनच विचार सुरू व्हायला हवा : याने हा उंट इथं का आणला, आणि आणताना मागे काय मोकळं सोडलं? फोनवर कोडं उघडताना समोरच्याची शेवटची खेळी हलताना दिसते. पेपरात ती नसते, म्हणून पटावरची वेळ थांबल्यासारखी वाटते.

आणि अधूनमधून, कोणत्या दिवशी ते न सांगता, अशी मांडणी द्या की जिच्यात काहीही नाही. उत्तरात लिहा, 'वजीर बाजूला घ्यावा, डाव चालू राहील.' लोक चिडतील. पत्रं येतील. येऊ द्या. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक कोड्याकडे पाहताना मनात एक शंका राहील, की आज आहे की नाही? ती शंका म्हणजेच खेळणाऱ्याची नजर. तालुक्याच्या स्पर्धेत त्या आठवीतल्या पोरीकडे तेवढीच नव्हती, बाकी सगळं होतं.

छपाईबद्दल दोन शब्द, लागलंच आहे तर. काळ्या घरावरचा काळा उंट आणि काळं प्यादं आमच्याकडे येणाऱ्या अंकात सारखंच दिसतं, शाई पसरलेली असते. काळ्या घरांना नुसत्या तिरप्या रेषा दिल्या तर बरं होईल. एकदा पट आडवा छापला गेला होता, उजव्या हाताचं खालचं घर काळं. पोरांनी सकाळभर डोकं फोडलं आणि मग माझ्यावर चिडली. आणि उत्तराची उलटी अक्षरं : मान वाकडी न करता उलटं वाचायला आमची पोरं केव्हाच शिकली आहेत. एवढ्या अक्कलहुशारीने ती पट वाचतील तर किती चांगलं.

मामाजींच्या वहीतून आणि माझ्या चक्कीवरून काही मांडण्या या पत्रासोबत वेगळ्या पाकिटात पाठवत आहे. वर दिलेल्या त्यात नाहीत, त्या आता उघड झाल्या. मानधन नको. प्रत्येक कागदावर मोहऱ्यांच्या जागा आणि कोणाची खेळी, एवढंच आहे. काहींत मात आहे, काहींत बरोबरी, आणि काहींत काहीच नाही. कशात काय, ते पाकिटात कुठंही लिहिलेलं नाही. छापायच्या आधी आपल्या कार्यालयात कोणीतरी सोडवून पाहावं लागेल.

आपली नियमित वाचक,
एक चक्कीवाली
(नाव छापू नये)
ता. आर्वी, जि. वर्धा